दोन दिवस आधी : मूत्रपिंडाच्या बचावाचा इतिहास

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो, त्याच सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, कुठल्याही तालुक्यातल्या रस्त्यावर उभे राहिले की संसार भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिमेकडे जाताना दिसतात. गोधड्या, पत्र्याची पेटी, पिठाचे डबे, कोंबड्यांचे खुराडे, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली पोरे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटक.

मी इतिहासाचा शिक्षक. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध एका केसपेपरपुरता. हा लेख त्या केसपेपरमुळे लिहिला आहे.

१९८३ च्या मार्च महिन्यात माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या उसावर होते. मी तेव्हा अंबाजोगाईला बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. अण्णांना हगवण-ओकारी सुरू झाली. कोपीवर बहुतेकांना थोडाफार त्रास होताच, कारण पिण्याचे पाणी कालव्याच्या कडेला साचलेल्या डबक्यातले. पहिल्या दिवशी अण्णा तसेच फडात गेले. दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधता बांधता खाली बसले ते उठेनात. काकूने मुकादमाला सांगितले. तो म्हणाला, “फड निघू द्या वहिनी, मंग बघू.” फड निघायला आणखी दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत अण्णांना लघवी झाली नव्हती. काकूच्या ते ध्यानात होते, पण ही डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे असे तिला वाटले नाही.

दवाखान्यात सलाईन लागले. नाडी सुधारली, हगवण थांबली, अण्णा बोलू लागले. मी पोहोचलो तेव्हा त्यांनी माझ्या परीक्षेची चौकशी केली. आम्हाला वाटले, सुटलो. लघवी मात्र येईना. आली ती चमचाभर, काळपट. मग अंगावर सूज आली, उचकी लागली, ग्लानी वाढली. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “डायलिसिसची सोय पुण्या-मुंबईला आहे. पण या अवस्थेत ते तिथवर पोहोचतील असं वाटत नाही. दोन दिवस आधी आणायला हवं होतं.” नवव्या दिवशी अण्णा गेले. केसपेपरवर आजाराचे नाव एका शब्दात होते : गॅस्ट्रो.

हगवण तर थांबली होती, मग माणूस गेला कशाने? आणि दोन दिवस आधी आणले असते, तर नेमके काय वेगळे झाले असते? हे दोन प्रश्न मी चाळीस वर्षे बाळगले. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा त्यांच्या मागे लागलो. उत्तर शोधताना कलकत्ता, लंडन, किल्लारी अशा ठिकाणांवरून जावे लागले आणि शेवटी पुन्हा उसाच्या फडात यावे लागले.

मरीआई आणि मीठपाणी

मराठवाड्यात गावोगाव शिवेवर मरीआईचे ठाणे असते. शेंदूर फासलेला दगड, आषाढातला नैवेद्य, अंगावर आसूड ओढून घेणारा पोतराज. मरीआई ही पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची देवी. पंढरीच्या वाऱ्यांबरोबर पटकी गावोगाव पसरत असे. ब्रिटिश अमदानीतल्या आरोग्यखात्याच्या कागदपत्रांत हा विषय पुन्हा पुन्हा येतो. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण पटकीला सरहद्द ठाऊक नव्हती.

पटकीत माणूस काही तासांत कित्येक लिटर पाणी गमावतो. उरलेले रक्त दाट होते, नाडी हाताला लागत नाही. अशा वेळी शरीर स्वतःच एक कठोर निर्णय घेते. मेंदू आणि हृदय यांच्याकडे जाणारे रक्त शक्यतो चालू ठेवायचे आणि बाकीच्यांचे तोडायचे. या तोडीत पहिल्या फळीत असते मूत्रपिंड. त्याच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आखडतात आणि लघवी बंद होते. थोडा वेळ हे उपकारकच असते, कारण शरीरातले उरलेसुरले पाणी वाचते. वेळ लांबली की मात्र वाचवण्यासाठी केलेली तोडच घात करते.

१८३१-३२ मध्ये पटकीची साथ इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये पोहोचली. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासून दाखवले, की त्यातले पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे त्याच्या देखरेखीखाली उभे राहिले. त्याचे निष्कर्ष वाचून लीथ गावच्या थॉमस लाटाने १८३२ मध्ये मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या शिरेत मीठपाणी सोडले. काही जण उठून बसले. पण लाटा वर्षभरातच वारला आणि ही पद्धत बरीच दशके अडगळीत पडली.

तिला पद्धतशीर रूप दिले कलकत्त्याच्या लिओनार्ड रॉजर्स यांनी. १९०८ पासून ते पटकीच्या रुग्णांना शिरेतून तीव्र मीठपाणी देऊ लागले आणि मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पण वाचलेल्यांपैकी काहींचे एक चमत्कारिक दुखणे त्यांच्या नजरेस आले. नाडी परत येई, हगवण थांबे, माणूस बोलू लागे, पण लघवी परत येत नसे आणि काही दिवसांनी तो अंगात साचलेल्या विषारी द्रव्यांनी दगावे. रॉजर्सनी पुढे मीठपाण्याबरोबर खाण्याचा सोडा शिरेतून द्यायला सुरुवात केली. लघवी बंद होऊन होणारे मृत्यू त्यामुळे कमी झाले, असा त्यांचा अनुभव होता.

हे वर्णन पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. १९८३ मध्ये अण्णांच्या खाटेशी बसून मी जे पाहिले, ते सत्तर वर्षांपूर्वी कलकत्त्यात कोणीतरी नीट पाहून, लिहून ठेवले होते.

पुढचा टप्पा आपल्याच देशात घडला. १९७१ च्या बांगलादेश युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजच्या पुड्या पाण्यात कालवून पिंपांतून ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. आईने लेकराला पाजायचे, भावाने भावाला. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू शेकडा चारच्या आत आले. या उपायासाठी शिर शोधावी लागत नव्हती आणि डॉक्टरची वाटही पाहावी लागत नव्हती. अण्णा आजारी पडले ते याच्या बारा वर्षांनंतर. कोपीवर मीठही होते आणि साखरही.

ढिगाऱ्याखालून

पटकीत मूत्रपिंड का मरते, याचा उलगडा व्हायला मदत झाली ती अगदी वेगळ्या संकटाची. १९४० च्या हिवाळ्यात जर्मन विमाने लंडनवर बाँब टाकत होती. पडलेल्या घरांखालून माणसे कित्येक तासांनी बाहेर काढली जात. हॅमरस्मिथ रुग्णालयात एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी अशा रुग्णांत एक ठरावीक क्रम पाहिला. तुळई किंवा भिंतीखाली पाय चेंगरलेला असे. बाहेर काढल्यावर माणूस बरा दिसे. मग पाय सुजे, रक्तदाब घसरे. तो सावरला तरी लघवी कमी होत जाई, रंग गडद होई आणि आठवडाभरात मृत्यू येई. मार्च १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी असे चार रुग्ण मांडले.

कारणे दोन होती. चेंगरलेल्या स्नायूत शरीरातले पाणी ओढले जाते, त्यामुळे मूत्रपिंडाचे रक्त कमी होते. त्यातच फुटलेल्या स्नायूंतले मायोग्लोबिन नावाचे लाल द्रव्य मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत साचते. म्हणजे पाण्याची पाळी चुकायची आणि वरून चारीत गाळही भरायचा. उपाय म्हणून बायवॉटर्स यांनी सुचवले, की भरपूर पाणी आणि सोड्यासारखे अल्कधर्मी पेय लवकर, शक्य तर ढिगाऱ्यातून काढण्याच्या वेळेलाच द्यावे. आज जगभर भूकंपानंतर हाच नियम सांगितला जातो. माणूस अजून दगडाखाली असतानाच, एक हात मोकळा मिळाला तरी सलाईन सुरू करायचे.

त्याच वर्षांत जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन गावी विलेम कोल्फ सॉसेजसाठी वापरतात तसल्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवत होता. १९४३ पासून त्याने रुग्णांवर उपचार केले. पहिले बरेच दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात एक स्त्री वाचली. डायलिसिसची सुरुवात ही. मूत्रपिंड थकले, तर ते सावरेपर्यंत काही आठवडे दुसऱ्याने त्याचे काम करायचे. रक्त अडल्याने निकामी झालेले मूत्रपिंड पुष्कळदा पुन्हा उभे राहते. तेवढा काळ माणूस जगला पाहिजे.

पण मला डायलिसिसपेक्षाही बोलका वाटला तो युद्धांचा हिशेब. कोरियाच्या युद्धात जखमी सैनिकांपैकी साधारण दोनशेत एकाचे मूत्रपिंड बंद पडले. व्हिएतनामच्या युद्धात हे प्रमाण सहाशेत एकावर आले. मधल्या पंधरा वर्षांत मूत्रपिंड वाचवणारे कोणतेही नवे औषध निघाले नव्हते. हेलिकॉप्टरचा वापर खूप वाढला होता. जखमी माणूस तासाभरात उचलला जाई आणि रक्त-सलाईन वाटेतच सुरू होई. वाचले ते लवकर मिळालेल्या पाण्याने आणि रक्ताने.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. बीडमध्ये आमच्या घरातली भांडीही वाजली. चार दिवसांनी मी कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले घेऊन औसा-उमरगा भागात गेलो. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि त्यांच्यावर मातीची माळवदे. उन्हाळ्यात थंड राहणारी आमच्या मराठवाड्याची ही घरे त्या पहाटे माणसांवर बसली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. बरीच मातीखाली गुदमरूनच. तिथे एका म्हाताऱ्याने आपल्या मुलाबद्दल सांगितले, “काढला तवा बोलत व्हता.” तेव्हा मला त्या वाक्यात फक्त दुःख ऐकू आले. त्याच्या मुलाचे काय झाले असेल हे मी ठरवू शकत नाही, पण बायवॉटर्सचा लेख वाचताना ते वाक्य आठवल्यावाचून राहिले नाही. अण्णाही बोलत होते.

कालव्याच्या शेवटचे शेत

आता मूत्रपिंडातच डोकावू. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून पाव-सव्वापाव किलोच्या घरात, म्हणजे शरीराच्या अर्ध्या टक्क्याएवढे. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी पाचवा ते चौथा हिस्सा त्यांच्याकडे जातो, मिनिटाला लिटरभराहून जास्त. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातला लिटर-दीड लिटर सोडून बाकीचा सगळा परत रक्तात घेतात. इतके रक्त मिळणाऱ्या अवयवाला रक्ताचा तुटवडा कसा भासावा?

याचे उत्तर आमच्याकडच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. माजलगाव धरणाच्या कालव्याला पाणी सुटले, की मुखाकडच्या शेतांना ते भरपूर मिळते आणि शेवटाकडच्यांना उरलेसुरले. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. बाहेरच्या थराला रक्ताचा पूर असतो. आतल्या गाभ्याला मात्र, जिथे लघवी दाट करण्याचे कष्टाचे काम चालते, साध्या दिवशीही जेमतेम पुरेल एवढाच प्राणवायू पोहोचतो. १९९५ मध्ये मायर ब्रेझिस आणि सीमोर रोझेन यांनी या विषयावर लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. त्याचे सार असे, की मूत्रपिंडाचा गाभा कायमच टंचाईच्या काठावर जगतो. धरणात पाणी कमी झाले की पहिले वाळते ते कालव्याच्या शेवटचे शेत.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. नुकसान रक्त थांबल्यानेच होते असे नाही, ते परत आल्यानेही होते. कोरड्या ठणठणीत ओढ्याला एकदम लोंढा आला की काठ ढासळतात आणि बांध फुटतात. प्राणवायूला मुकलेल्या पेशींत रक्त अचानक परत आले, की काही दाहक, अस्थिर द्रव्ये तयार होतात आणि शरीराच्या संरक्षक पेशीच तिथे जाळपोळ करू लागतात. १९८० च्या दशकात या विचाराने जोर धरला. म्हणून प्रश्न दोन झाले : रक्त थांबू कसे द्यायचे नाही, आणि थांबलेच तर परत कसे आणायचे.

दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवणाऱ्या शल्यवैद्यांना तर हा प्रश्न टाळताच येत नव्हता. दात्याच्या शरीरातून काढलेल्या मूत्रपिंडाचे रक्त तुटणारच. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६५ मध्ये भारतातले पहिले मूत्रपिंडरोपण केले. तो रुग्ण फार दिवस जगला नाही. यशस्वी रोपण झाले ते १९७१ मध्ये वेल्लोरला. त्या काळात काढलेले मूत्रपिंड टिकवण्याची विद्याही वाढत होती. १९६७ मध्ये फोकर्ट बेल्झरने यंत्राने थंड द्रव फिरवून, तर १९६९ मध्ये जेफ्री कॉलिन्सने खास क्षारांच्या द्रावणाने धुऊन बर्फात ठेवून मूत्रपिंड टिकवले. शरीराच्या उष्णतेत अर्ध्या तासात धोक्यात येणारे मूत्रपिंड बर्फात पूर्ण दिवस टिकू लागले. आज मराठवाड्यातून पुण्या-मुंबईकडे अवयव नेण्यासाठी पोलीस रस्ता मोकळा करतात, तेव्हा त्या डब्यात मूत्रपिंडाबरोबर थोडा विकत घेतलेला वेळही असतो. थंडीने मूत्रपिंड बरे होत नाही. त्याची भूक मंदावते, म्हणून ते वाट पाहू शकते.

न सापडलेले औषध

मग औषधाचे काय? इथे वैद्यकाच्या इतिहासातला एक नम्र करणारा अध्याय आहे. डोपामीन नावाचे औषध थोड्या मात्रेत दिले, तर मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि लघवी वाढते. त्यामुळे कित्येक दशके जगभरच्या अतिदक्षता विभागांत ‘किडनी डोस’ म्हणून ते सर्रास लावले जाई. लघवी दिसली की नातेवाइकांना बरे वाटे, डॉक्टरांनाही. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी ३२८ रुग्णांवर काटेकोर तुलना केली. निम्म्यांना डोपामीन, निम्म्यांना साधे सलाईन. मूत्रपिंडाच्या बचावात काहीही फरक आढळला नाही. लघवी वाढवणे आणि मूत्रपिंड वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

दुसरी एक कल्पना मोहक होती. १९८६ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग करताना आढळले, की रक्त आधी थोडा थोडा वेळ अडवून सोडले, तर पुढचा मोठा अडथळा हृदय अधिक चांगले सोसते. जणू शरीराला टंचाईची सवय लावता येते. मग हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून, आवळून, सोडून मूत्रपिंडाला सावध करण्याचे प्रयोग झाले. २०१५ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात फायदा दिसला. त्याच वर्षी आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत तो दिसला नाही. २०२४ मध्ये साडेतीन हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून अमिनो आम्ले दिल्यावर मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण ३१.७ टक्क्यांवरून २६.९ टक्क्यांवर आले. हे पाऊल खरे आहे, पण ते शस्त्रक्रियागृहातले आहे. तिथे रक्त कधी अडणार, हे घड्याळ लावून आधीच ठाऊक असते. फडात ते कोणाला ठाऊक असते?

एवढे वाचल्यावर मला माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दोन दिवस आधी अण्णांना दवाखान्यात वेगळे काहीच मिळाले नसते. तीच सलाईनची बाटली मिळाली असती. पण त्या बाटलीने तेव्हा मूत्रपिंड वाचले असते. नंतर मात्र तीच अंगात साचून सूज आणि धाप वाढवते. जे पाणी आधी औषध असते, तेच उशिरा ओझे होते. शंभर वर्षांच्या इतिहासातून हाती लागते ते एवढेच : मूत्रपिंडाला वाचवतात पाणी आणि वेळ. आणि आमच्या जिल्ह्यात टंचाई याच दोन गोष्टींची आहे. पाणी आभाळाचे आणि वेळ मुकादमाचा.

उसाच्या फडात

हा इतिहास इथे संपला असता, तर तो एका माणसाच्या मृत्यूचा खुलासा ठरला असता. पण २००२ मध्ये मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या छोट्या देशातून एक अहवाल आला. किनाऱ्याच्या सखल भागातले शेतमजूर, बहुतेक पुरुष, मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्णालयात येत होते आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना मधुमेह नव्हता की रक्तदाब नव्हता. शेजारच्या निकाराग्वात, चिचिगाल्पा या साखर कारखान्याच्या गावाभोवती तर हा आजार घरोघर होता. आणि त्यांत मोठा भरणा होता ऊसतोड कामगारांचा.

याच्या कारणांबद्दल अजून वाद आहे. कीटकनाशके, पाण्यातले दोष, संसर्ग यांचीही नावे घेतली जातात. आपल्याकडे आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातला उद्दानम परिसर आणि श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत इथेही असा आजार आहे आणि तिथली माणसे भात-नारळ पिकवतात. पण ऊसतोडीच्या बाबतीत एक मत बळकट होत गेले आहे. कडक ऊन, ढोरकष्ट आणि अंगातले पाणी आटणे. एकदाच मोठा घाव नाही, रोज एक लहानसा. रोज दुपारी मूत्रपिंडाचे रक्त थोडे कमी होते, रात्री सावरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हंगामामागून हंगाम गेले, की कालव्याच्या शेवटचे शेत कायमचे पडीक होते. रॉजर्सनी जे काही दिवसांत घडताना पाहिले, ते इथे वर्षांच्या हिशेबाने घडते.

यावर तिथे जो उपाय उभा राहिला त्याची त्रिसूत्री साधी आहे : पाणी, विश्रांती, सावली. फडात पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, हलवता येणारी सावलीची छत्रे, घड्याळ लावून सक्तीची विश्रांती. निकाराग्वात नुसत्या पाण्याने फारसे भागले नाही. विश्रांती वाढवली, तेव्हा हंगामात मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण ठळकपणे घटले. आणि माणसे विसावली म्हणून कारखाना बंद पडला नाही.

आमच्याकडची तोड दिवाळीनंतर सुरू होते, म्हणून थंडीचे महिने सुसह्य जातात हे खरे. पण हंगामाचे शेवटचे महिने फेब्रुवारी, मार्च, कधी एप्रिल. पहाटेपासून तोड, मग मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकपर्यंत नेणे, रात्री-अपरात्री गाडी आली की पुन्हा भरणी. फडात आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर मुद्दाम पाणी कमी पितात. काकू मला हे सहज सांगून गेली होती, भाजीत मीठ कमी पडल्याचे सांगावे तसे. आणि रात्री अंग ठणकते म्हणून किराणा दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंड आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवण्यासाठी काही द्रव्ये तयार करते. नेहमीच्या अंगदुखीच्या गोळ्यांपैकी पुष्कळ गोळ्या नेमकी तीच द्रव्ये बंद पाडतात. तहानलेल्या मूत्रपिंडाचा उरलेला पाटही आपण मिटवतो, तेही दहा-वीस रुपयांत.

आजारी पडून एक दिवस बुडाला तर खाडा लागतो. खाड्याचे पैसे उचलीतून वळते होतात. या खाड्याची भीती काय करू शकते हे २०१९ मध्ये महाराष्ट्राला दिसले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. आकडा आला तेव्हा ती राज्याला माहीत झाली.

मूत्रपिंडांचीही अशी मोजणी व्हायला हवी, एवढेच मला संशोधक म्हणून मागायचे आहे. ती अवघड नाही. हंगामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर रक्तातले क्रिएटिनिन तपासणे, बस्स. कामगार कुठून निघतात, कुठल्या कारखान्याला जातात, कधी परततात, हे मुकादमांच्या वह्यांत तपशीलवार लिहिलेले असते. ज्या वहीत खाडा लिहिला जातो, तिच्या शेजारी हाही एक रकाना असू शकतो. जागतिक मूत्रपिंडतज्ज्ञ संघटनेने २०१३ मध्ये एक उद्दिष्ट जाहीर केले होते : अचानक मूत्रपिंड बंद पडून होणारा, टाळता येण्याजोगा एकही मृत्यू २०२५ पर्यंत उरू नये. आपल्याकडे २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिसची राष्ट्रीय योजना आली, हे मोलाचे आहे. पण डायलिसिस ही नंतरची गोष्ट. आधीची गोष्ट फडात घडते.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतले एक जोडपे निघाले, तेव्हा मी त्यांना क्षार-संजीवनीची पाकिटे दिली. बाजारात मिळतात तीच. सांगितले, हगवण लागली की पहिल्या दिवशीच प्यायची, लघवी कमी झाली किंवा चहासारखी झाली तर फड सोडायचा, आणि ठणकीची गोळी उपाशी, तहानेल्या पोटी घ्यायची नाही. त्या पोरीने पाकिटे पिठाच्या डब्यात ठेवली आणि विचारले, “सर, पाकिटं ठीक हायेत. पर फड सोडायचा म्हनल्यावर मुकादमाला काय सांगू?”

याचे उत्तर माझ्या वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात नव्हते. मी तिला अण्णांची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, “सांग, दोन दिवसांनी नेलं तर उशीर होतो.”